न बोलणाऱ्या मुलाला गणपतीला गावी नेताना

श्रावण लागला की तयारीला लागायचं. ऑटिझम असलेल्या मुलाच्या हातात ऐन आरतीत नवी वस्तू दिली तर ती भिरकावलीच जाते. आवाज कमी करणारा कानावरचा मफ असो की बोलायची कार्डं (दाखवून मूल आपलं म्हणणं सांगतं ती), घरी शांत वेळी हाताळून ती जुनी झालेली असावी लागतात. आमचा मुलगा शब्दांत जवळजवळ बोलत नाही आणि आम्ही डोंबिवलीहून तळकोकणात जातो, तेव्हा ही यादी त्या बेताची.

पहिलं काम कार्डांचं. बहुतेक पालकांची पिशवी मी पाहते तेव्हा तिच्यात आवाज, उजेड, स्पर्श सुसह्य करणाऱ्या वस्तू भरपूर असतात आणि ‘बास’ म्हणायचं साधन मात्र नसतं. पाणी, खाऊ, झोका यांची कार्डं सगळे करतात. त्याआधी तीन करा: ‘नको’, ‘बास’ आणि ‘बाहेर जाऊ या’. पासपोर्ट फोटोपेक्षा थोडी मोठी, लॅमिनेट केलेली, कडीत ओवून मुलाच्या कमरेला. आणि या तिघांना पहिल्या वेळीच मान द्यायचा. आरती अर्धी असली, सासरे तबक घेऊन उभे असले, तरी ‘बाहेर’ हातात आलं की निघायचं. दोनदा दुर्लक्ष झालं की मूल कार्ड सोडतं आणि आपल्या जुन्या उपायाकडे वळतं, म्हणजे चावा किंवा किंचाळी.

बाकीच्या कार्डांना चित्रांऐवजी फोटो वापरा, तेही आपल्याच घराचे. मागच्या वर्षीचे फोटो मोबाइलमध्ये असतातच: पडवी, विहीर, आजी, गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट म्हणजे माटवी. माटवीचा फोटो मुद्दाम आधीपासून दाखवत राहा. लोंबणारी कवंडळं (रानफळं) आणि सुपाऱ्या ओढायचा मोह आमच्याकडे अनावर असतो, म्हणून माजघरात त्याच्या उंचीला एक छोटी माटवी टांगतो. ती त्याने खुशाल ओढावी.

फोनवर बोलायचं अ‍ॅप हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मराठीतही आहे आणि फुकट आहे. चेन्नईचं ‘आवाज’ त्याहून विस्तृत आहे, त्याला पैसे पडतात. कुठलंही घ्या, पण डोंबिवलीतच फोनचं नेट बंद करून ते चालतं का बघा, गावी रेंज शोधायला माडाखाली उभं राहावं लागतं. स्क्रीन पिन करायला, म्हणजे फोन त्या एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवायला शिका, नाहीतर दोन मिनिटांत यूट्यूब सुरू होतं. वीज जाते, पाऊस असतो, म्हणून कागदी कार्डांचा दुसरा जोड वेगळ्या पिशवीत. ‘कार्डं दिलीत तर तो बोलायचाच नाही’ असं कुणीतरी म्हणणारच. यावर बरंच संशोधन झालंय आणि अशा साधनांनी बोलणं अडतं असं त्यात दिसलेलं नाही. काही मुलांचं तर वाढतं. वाद घालत बसू नका, आपणच कार्डावर बोट ठेवून बोलायला लागा. मूल ते बघूनच शिकतं.

आता आरतीची पट्टी. पुठ्ठ्यावर वेल्क्रो लावून ओळीने फोटो चिकटवायचे: गणपती, शंकर, देवी, विठोबा, मग ‘घालीन लोटांगण’ला स्वतःभोवती फिरणारी माणसं, मग मंत्रपुष्पांजलीची फुलं, शेवटी प्रसाद. एक आरती संपली की तो एक फोटो काढून डब्यात टाकतो. गोंगाट किती उरलाय ते त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि मफ लावलेल्या मुलाला तोंडी सांगून काही पोचत नाही हेही लक्षात घ्या. क्रम आधी फोन करून विचारा, प्रत्येक घरचा वेगळा. शिवाय नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं, ‘अजून एक काहीतरी’ सांगणारं कार्ड जवळ ठेवा, कारण भावकीत कुणाला तरी ऐनवेळी एक जास्तीची आरती सुचतेच. या कार्डाचा सरावही आधी घरी करायचा.

मफ घेताना मुलांच्या मापाचा घ्या. सेफ्टीच्या दुकानातला मोठ्यांचा सैल बसतो आणि कडेने आवाज आत येतो. चांगला मफ साधारण 20 ते 25 डेसिबल कमी करतो. ढोल-ताशा जवळून 100 च्या वर जातो, तेव्हा मफ असला तरी अंतर ठेवावंच लागतं. सवय आवडत्या खेळाबरोबर दोन-दोन मिनिटांनी लावायची. दिवसभर घालून ठेवू नये, नाहीतर नेहमीचे आवाजही टोचायला लागतात, असं आमच्या थेरपिस्ट सांगतात. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण वर्षातल्या 15 दिवसांपर्यंत सरकार ही वेळ 12 पर्यंत वाढवू शकतं. आपल्या जिल्ह्यात ते दिवस कुठले, ते पेपरात बघून झोपेचा बेत करा. भजनाच्या बारीला मात्र माइक नसला तरी पखवाज आणि झांजा पुरतात. म्हणून बाळंतिणीची खोली, किंवा देवापासून सर्वांत लांबची जी असेल ती, आधीच मागून घ्या. आपली चादर, उशी, मंद दिवा. तिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवू देऊ नका.

रेल्वेत गर्दीपेक्षा बोगदे जड जातात. कोकण रेल्वेवर ते 90 हून अधिक आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे जवळपास साडेसहा किलोमीटरचा. ‘बोगदा’ आणि ‘उजेड’ अशी दोन कार्डं पुरतात. उक्षी स्टेशन गेलं की मफ चढवायचा आणि कार्ड दाखवायचं. चावायला दोरीने गळ्यात घालायचं सिलिकॉनचं चघळणं द्या, दोरी गळ्यात ठेवून झोपू मात्र देऊ नका.

शांत झोपेसाठी मुद्दाम वजन भरलेली जड गोधडी आम्ही नेत नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत ती नकोशी होते, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत तिने झोप वाढल्याचं दिसलं नव्हतं, मुलांना आवडली एवढंच. तुमच्याकडे उपयोग होत असेल तर न्या, पण ती मुलाला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे. नवा कुर्ता जरीचा नको. लेबल कापून, चार धुण्यांत मऊ करून, आत सुती बनियन. खाण्याचं म्हणाल तर ओळखीचा डबा घ्या, मोदकाची जबरदस्ती यंदाही नको.

निघायच्या आठवडाभर आधी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकते. तो असा: ‘गालाला हात लावू नका. नमस्काराचा आग्रह नको. त्याने हातात कार्ड दिलं तर त्यावर असेल ते लगेच करा, नंतर मला सांगा.’ काका लोक अंगठा दाखवून मोकळे होतात, म्हणून दीरांना फोन वेगळा.

विसर्जनाची तयारी सर्वांत शेवटी लिहिली तरी ती सर्वांत मोठी. अशा बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि गर्दीतून ती गुपचूप निसटतात. बोलता न येणारं मूल हरवलं तर नावही सांगू शकत नाही, तेव्हा खिशात नाव, फोन नंबर आणि ‘मी बोलत नाही, मला फोटो दाखवा’ असं लिहिलेलं कार्ड, मनगटावरच्या पट्टीवर पुन्हा नंबर. नदीवर नेणार असाल तर त्याच्यासाठी एक मोठा माणूस नावानिशी ठरवा आणि त्याला व्हिडिओ काढायचं काम देऊ नका.