दाताच्या दवाखान्यातला पारा : या चुका टाळा

"आता अमाल्गम भरतंय कोण? सगळं काँपोझिटच," असं ऐटीत सांगणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी उलट विचारते, या महिन्यात चांदी भरलेले जुने दात किती उकरलेत? मग जरा शांतता होते. (अमाल्गम म्हणजे दात भरायला वापरतात ते पारा आणि चांदीमिश्रित धातूच्या पुडीचं मिश्रण, बोलीत नुसती "चांदी"; काँपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं, बिनपाऱ्याचं भरणं.) तीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी पेशंटबरोबर म्हातारी होऊन तुमच्या खुर्चीत येते आणि तिच्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, अमाल्गम भरणं बंद केलं. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हात २०३४ ही शेवटची मुदत ठरवली. ठीक आहे. पण दाढेत बसलेलं अमाल्गम ठराव वाचून बाहेर पडत नाही. ते कुणीतरी उकरायचं, त्याचा चुरा कुणीतरी ओढून घ्यायचा, ट्रे कुणीतरी घासायचा. हा "कुणीतरी" बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. असिस्टंट असते, नाहीतर संध्याकाळी लादी पुसायला येणाऱ्या मावशी असतात. पाऱ्याबद्दल एका शब्दाने कुणी सांगितलेलं नसतं, असे नेमके हेच दोघे.

पाऱ्याची भीती वाटत नाही याचं कारण सरळ आहे. तो भाजत नाही, खाजत नाही, त्याला वास नाही. बघायला तर गोंडसच. चुकून गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, म्हणून "लहानपणी थर्मामीटर फुटला तेव्हा आम्ही त्याच्याशी खेळलो, काही झालं नाही" ही कहाणी प्रत्येकाकडे असते. भानगड वाफेची आहे. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरातच राहतो. २० अंश सेल्सिअसला बंद खोलीतली हवा पाऱ्याने पूर्ण भरली, तर एका घनमीटरमध्ये १३ मिलिग्रॅमच्या आसपास पारा मावतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. दर दहा अंशांना वाफेचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. जळगाव-अकोल्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा आणि मग पुढचं वाचा.

खलात घोटणं आणि तळहातावर मळणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. खलात अ‍ॅलॉयची, म्हणजे चांदीमिश्रित धातूची पूड, वर बाटलीतून अंदाजाने पारा, बत्त्याने घोटायचं, मग गॉजमध्ये किंवा कापडात धरून पिळायचं. जादा पारा थेंबाथेंबाने खाली. कुठे खाली? ते कोणी बघत नाही. उरलेला गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा, "मऊ" झाला की दातात भरायच्या नळीत, म्हणजे कॅरिअरमध्ये. मी हे हातमोज्याशिवाय होताना पाहिलंय, आणि हातमोजे घालून होताना पाहिलं तेव्हाही फार आनंद झाला नाही. कातडीतून जाणारा पारा हा यातला छोटा भाग. कोमट तळहातावर ताजा, ओला गोळा आणि त्यावर वाकलेलं नाक, हा मोठा भाग.

यात इंटर्न मंडळींची एक खास लकब आहे. मिश्रण कोरडं पडायला लागलं की नवीन घोटायचा कंटाळा, म्हणून त्यातच पाऱ्याचा आणखी एक थेंब. म्हणजे भरणंही कच्चं आणि हवाही खराब. वाळलेलं मिश्रण टाकून द्या, पुन्हा करा. दोन मिनिटं जातात. ज्याच्याकडे दोन मिनिटं नाहीत, त्याने दातांचं काम का निवडलं हे मला आजवर कळलेलं नाही.

खरं तर खल कपाटातच राहायला हवा. २०२२ मध्ये बालीला मिनामाटा कराराच्या बैठकीत ठरलं, की दंतवैद्यांनी सुटा पारा वापरायचा नाही, आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना अगदी गरज असल्याशिवाय अमाल्गम भरायचं नाही. भारताने हा करार २०१८ मध्ये मंजूर केलेला आहे. सुट्या पाऱ्याऐवजी पारा आणि पूड मोजून बंद केलेली तयार कॅप्सूल मिळते. ती महाग पडते, हे रडगाणं मी ऐकून घेते. मग दवाखान्याच्या रिसेप्शनमधल्या टीव्हीची किंमत विचारते. मात्र कॅप्सूल आली म्हणजे सुटलो, असंही नाही. हलताना ती कधीकधी गळते. अमाल्गमेटरचं, म्हणजे कॅप्सूल हलवणाऱ्या मशीनचं, झाकण लावूनच ते चालू करा, आणि महिन्यातून एकदा झाकणाच्या आत टॉर्च मारून बघा. चमकलं, तर पारा गळलाय.

केरसुणी, आणि तिच्याहून वाईट व्हॅक्यूम क्लीनर

एका तालुक्याच्या गावी मी रूट कॅनालसाठी ठरलेल्या वारी जात असे. दवाखाना चकाचक, एसी, खिडक्या कायमच्या बंद, डॉक्टरांच्या केबिनमध्ये गालिचा. तिथली असिस्टंट चुणचुणीत मुलगी, नुकतं लग्न झालेलं. काही महिन्यांत ती किरकिरी व्हायला लागली. झोप येत नाही म्हणायची, पेशंटचं नाव लिहिताना अडखळायची, सिमेंट कालवताना हात बारीक थरथरायचा. सगळ्यांनी आपापलं निदान केलं: सासर, रक्त कमी, मोबाइल. डॉक्टरांचं मत, "हल्लीच्या मुलींना काम नको."

मग एक दिवस तिने मला अंगठी दाखवली. लग्नातली सोन्याची अंगठी, एका बाजूने पांढरी पडलेली. सोनाराने फसवलं, नवऱ्याने खोटी घातली, असा घरात कल्ला झाला होता. त्यात सोनार म्हणे, "द्या इकडे, तापवून लख्ख करून देतो." मी आधी ते थांबवलं. सोन्याला चिकटलेला पारा तापवला की सोनं पिवळं होतं हे खरं, पण पारा वाफ होऊन सोनाराच्या नाकात जातो. नदीकाठी सोनं काढणारे गरीब लोक जगभर अशीच तब्येत घालवून बसतात.

सोनं पांढरं पडतं ते पारा लागल्यावर. पण या मुलीने पाऱ्याला हात लावलाच नव्हता. दवाखाना तर कॅप्सूलवर गेलेला. विचारत गेले तेव्हा कळलं, की जुनी पाऱ्याची बाटली आवरताना केबिनमध्ये, गालिच्याच्या कडेला, कलंडली होती. मावशींनी केरसुणीने गोळा करायला घेतलं. केरसुणीने पारा गोळा होत नाही, तो फुटतो. एका थेंबाचे शंभर होतात, आणि जितके बारीक थेंब तितकं वाफ व्हायला अंग जास्त. जमेना, म्हणून डॉक्टरांनीच हुशारी सांगितली: व्हॅक्यूम क्लीनर लावा. लावला. जमीन स्वच्छ दिसली आणि विषय संपला.

संपला कुठे? पारा मशीनच्या पिशवीत आणि नळीत जाऊन बसला. तेच मशीन रोज संध्याकाळी गालिच्यावर फिरायचं. मोटर गरम, आत पारा, मागून फेकली जाणारी गरम हवा त्याच बंद खोलीत. आणि पिशवी भरली की झटकून रिकामी करायचं काम या मुलीचं, उघड्या हाताने, अंगठी घालून. पिशवी मी बाहेर अंगणात नेऊन वर्तमानपत्रावर उपडी केली. धुळीत खसखशीएवढे थेंब स्पष्ट दिसत होते.

तिची लघवी तपासली, पारा वाढलेला निघाला. तिला तिथून हलवलं. गालिचा, पिशवी आणि मशीन तिन्ही प्लास्टिकमध्ये बंद करून बाहेर काढली. डॉक्टरांना मशीनचं फार वाईट वाटलं. शरीरातला निम्मा पारा निघून जायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे सुधारणा सावकाश झाली, पण झाली. "रक्त शुद्ध करणाऱ्या" काढ्याचं एक पार्सल तिच्या नातेवाइकांनी मागवलं होतं, ते मी परत पाठवायला लावलं. पाऱ्यापासून दूर करणं हा पहिला उपचार. औषध लागलंच, तर ते फिजिशियन ठरवेल.

सांडला तर मी काय करते

पुस्तकात लांबलचक यादी असते. माझी सवय एवढीच: आधी माणसं बाहेर, एसी आणि पंखा बंद, बाहेरची खिडकी उघडी, आतल्या खोल्यांचं दार बंद. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हातमोजे घालायचे. दोन जुन्या एक्स-रे फिल्म घेऊन थेंब कडेकडून मध्ये ढकलायचे, म्हणजे ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. मग सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्यायचे. उरलेले चिकटपट्टीने टिपायचे. शेवटी दिवे घालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारायचा. वरून न दिसणारे थेंब आडव्या उजेडात चमकतात, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा नेहमी फार लांब गेलेले असतात. सिरिंज, पट्टी, हातमोजे सगळं झाकणाच्या बरणीत. चपलांचे तळ बघायला विसरू नका.

गंधक भुरभुरवलं की काम झालं, असं मानणारा एक मोठा वर्ग आहे. गंधकाची पाऱ्याशी दोस्ती आहेच. आयुर्वेदातली कज्जली या दोघांची. पण कज्जली करणाऱ्या वैद्याला विचारा, काळी, बारीक पूड व्हायला किती वेळ खलावं लागतं. वरून चिमूटभर टाकलेलं गंधक थेंबाची कातडी फक्त झाकतं. फटीतल्या, पोहोचता न येणाऱ्या पाऱ्यावर जरूर टाका. उचलायच्या पाऱ्यावर टाकून पाठ फिरवू नका.

सांडूच नये म्हणून, अमाल्गमचं जे काही करायचं ते मी स्टीलच्या परातीवर करते. सांडलं तर परातीत. लोखंडाशी पारा जुळत नाही, त्यामुळे स्टील चालतं. अॅल्युमिनियमचा ट्रे मात्र नको, पारा त्याला खातो.

जुनी चांदी उकरताना

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, कोरडा चालवू नका. एवढं एक पाळलं तरी खूप. पाण्याचा फवारा सुरू, मोठ्या तोंडाचं सक्शन दाताला खेटून, जमेल तिथे रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबराचा पडदा), आणि भरणं पीठ करत काढण्याऐवजी बरने, म्हणजे यंत्राच्या कापणाऱ्या टोकाने, कापून तुकड्यांत. धारदार नवीन बर घ्या. बोथट बर घासतो, तापवतो. "पटकन उडवून टाकू" म्हणणारे अख्खं भरणं वाफ आणि धुरळा करून असिस्टंटच्या तोंडावर उडवतात, कारण तिचं तोंड पेशंटपासून वीतभरावर असतं.

आणि धडधाकट भरणं केवळ भीतीपोटी काढू नका. पेशंट व्हिडिओ बघून येतो, "डॉक्टर, सगळी चांदी काढून टाका". काढताना त्याच्या आणि तुमच्या वाट्याला जो पारा येतो, तो ते शांत बसलेलं असतं तेव्हापेक्षा जास्त. फुटलंय, खाली कीड आहे, तर काढा. नाहीतर समजावून सांगा, पैसे बुडाले तरी.

एका ओळीच्या चुका

सर्जिकल मास्क किंवा एन-९५ पाऱ्याची वाफ अडवत नाही. धूळ अडवतो, वाफेसाठी पाऱ्याचं वेगळं कार्ट्रिज लागतं.

उरलेलं अमाल्गम पिवळ्या पिशवीत टाकू नका, ती पिशवी जाळायला जाते. सुयांच्या डब्यातही नको. रुंद तोंडाच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, वर नाव लिहून.

अमाल्गम भरलेला उपटलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालू नका, आणि अमाल्गम चिकटलेली अवजारं आधी पुसून मगच आत ठेवा. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर पहिला श्वास कोण घेतं?

सक्शनच्या नळ्या ब्लीचने धुऊ नका, क्लोरीन साठलेल्या अमाल्गममधला पारा विरघळवतं आणि तो गटारात जातो.

सक्शनची जाळी बेसिनवर झटकू नका. झटकायची असेल तर बरणीत.

उपचाराच्या खोलीत जेवणाचा डबा उघडू नका. हे मी पुन्हा सांगणार नाही.

गरोदर असिस्टंटला अमाल्गमच्या कामापासून लांब ठेवा. वाफेतला पारा वारेतून बाळापर्यंत जातो. "ती स्वतःच म्हणाली चालेल" हे उत्तर नव्हे. पगार कापला जाईल या भीतीने कोणीही चालेल म्हणेल.

तपासणी करताना होणारा घोळ

"पारा तपासा" म्हटलं की लॅब रक्त घेते, आणि कोकणातल्या माणसाचा आकडा जरा जास्त आला की घरात रडारड. मोठे मासे खाल्ल्याने येणारा मिथाइल पारा रक्तात दिसतो. दवाखान्यातली रोजची वाफ लघवीत दिसते. तेव्हा लघवीच मागा, आणि आकडा क्रिएटिनिनच्या (लघवीतून रोज बाहेर पडणाऱ्या एका पदार्थाच्या) हिशेबात मागा, नाहीतर त्या दिवशी पाणी किती प्यायलं यावर निकाल बदलतो. सुरुवातीला सांगितलेल्या अमेरिकेतल्या संघटनेचा आताचा धोक्याचा आकडा आहे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० मायक्रोग्रॅम. पूर्वी तो ३५ होता, त्यामुळे जुने छापील फॉर्म पाहून "नॉर्मल" म्हणू नका. नमुना शक्यतो घरी, आंघोळ करून, दवाखान्याचे कपडे अंगावर नसताना द्या; हातावरचा कण बाटलीत पडला तर भलताच आकडा येतो. कामाला लागताना एकदा तपासून कागद जपून ठेवा, म्हणजे पुढच्या आकड्याची तुलना करायला काही तरी असेल. आणि असिस्टंटची तपासणी करणार असाल, तर मावशींचीही त्याच दिवशी करा. बिल दवाखान्याच्या नावावर.