हुरड्याच्या दिवसांत बालमित्राला गाठायचं तर

डिसेंबर-जानेवारीत रजेवर गावी आलेले लोक बालमित्राला बहुतेक परतायच्या आदल्या दिवशी फोन करतात. मग टपरीवर दहा मिनिटं चहा होतो, आणि त्यात दोघांनाही धड बोलता येत नाही. तुमचं गाव सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या ज्वारीच्या पट्ट्यात असेल, तर भेट त्याच्या रानातच ठेवा. शाळू (रब्बी ज्वारी) हुरड्यावर आला की पाखरं हाकायला तो सकाळ-संध्याकाळ तिथंच असतो. शिवाय आगटीभोवती, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्याभोवती, हात कामात असले की मधेच गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करा. नंबर नसेल तर त्याच्या थोरल्या भावाकडून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'ओळखलंस का' टाकू नका, त्याला उत्तर देणं अवघड जातं. गाई-म्हशींच्या धारा काढून झाल्यावर, साडेसात-आठच्या सुमारास बोला. दोन गोष्टी विचाराच : "शाळू हुरड्यावर आलाय का?" आणि "या आठवड्यात लाइट दिवसा आहे का रात्री?" लाइट रात्रीची असेल तर तो गव्हा-हरभऱ्याला पाणी देत जागलेला असतो. अशा वेळी दुपारी चारनंतर जा.

मधल्या काळात त्याच्या घरात काय झालं, हे गावातल्या कुणाकडून तरी आधी समजून घ्या. आई किंवा वडील गेले असतील आणि तुम्ही आला नसाल, तर पहिल्यांदा घरी जाऊन बसा, त्यांच्याविषयी बोला. हुरडा दुसऱ्या दिवशी. हे राहिलं तर बाकीची भेट कितीही चांगली झाली तरी त्याच्या मनात सल राहतो.

कणसं त्यालाच निवडू द्या. दाणा नखानं दाबल्यावर पातळ दूध आलं तर अजून कोवळा आहे, मऊ पांढरा गर आला तर बरोबर, आणि दबलाच नाही तर वेळ गेली. ज्वारीची जात गुळभेंडी किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले मधुर असेल तर दाणा गोड असतो आणि सहज सुटतो. मालदांडी जास्त चोळावी लागते. माणशी चार-पाच कणसं पुरतात. हातभर रुंद, वीतभर खोल आगटी करून आठ-दहा गोवऱ्या पेटवा आणि धूर पूर्ण जाईपर्यंत थांबा. घाई केली तर हुरड्याला धुराचा वास लागतो. मग देठ बाहेर ठेवून कणसं निखाऱ्याच्या कडेला गरम राखेत खुपसा आणि तीन-चार मिनिटं फिरवत राहा. काढल्याबरोबर तळहातांवर चोळून कोंडा फुंका. गार झालं की दाणे सुटत नाहीत. तुमच्या हाताला चटके बसतील, तेव्हा चोळायचं काम त्याच्याकडे द्या. तुम्ही कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही घेऊन जा. शेवटी ताक प्या.

पहिल्या भेटीला एकटे जा. बायकोमुलं आणि गाडीभर पाहुणे घेऊन गेलात तर तो यजमान होतो, आणि घरातली बाई दिवसभर चुलीपुढे अडकते. त्याच्या पोरांसमोर 'बारक्या', 'ढब्ब्या' असं जुनं नाव घेऊ नका. दोघंच असताना खुशाल घ्या. हुरड्याचे पैसे देऊ करू नका, लागतं ते. मुलांना खाऊ न्या. "शेतीत काही राहिलं नाही, विकून टाक" हा सल्ला तर चुकूनही देऊ नका. पगाराचा आकडा त्यानं विचारला तर सरळ सांगा, कारण लपवलेलं लगेच कळतं.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, गेलात तर आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशी रानातल्या कोपीपाशी (कडब्याच्या खोपीपाशी) भज्जी (मिसळीची भाजी), आंबील आणि उंडे खायला कुणालाही बोलावतात. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून रजा टाकण्याआधी कालनिर्णय बघा.

मैत्रीण असेल तर हिशेब वेगळा. तिच्या माहेरी चौकशी केल्याशिवाय थेट सासरी फोन नको. बाईनं बाईला भेटायला संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू सगळ्यात सोयीचं. मात्र तिथं गर्दी असते, म्हणून वाण घ्यायला शेवटी जा, बाकीच्या निघाल्या की बसायला मिळतं. तिला नवरा नसेल तर हळदीकुंकवाचं निमित्त टाळा आणि एरवीच्या दुपारी तिळगूळ घेऊन जा.