एनआयएसएमची कोणती परीक्षा द्यायची? आधी पैसे कोण देणार ते ठरवा

शेअर बाजारात किंवा म्युच्युअल फंडाच्या क्षेत्रात काम करायचं म्हटलं की बाजाराची नियामक सेबी हिने उभारलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षांची लांबलचक यादी समोर येते. कोणती सोपी, हे विचारत बसू नका. तुमची कमाई कोणाच्या खिशातून येणार, यावरून परीक्षा ठरते.

फंड कंपनीकडून कमिशन मिळणार असेल तर सिरीज ५-ए. (संकेतस्थळावर हे आकडे रोमन अंकांत दिसतील.) १०० प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पास झाल्या झाल्या एसआयपी विकायला मात्र निघू नका: आधी ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. बँकेत नोकरीला असाल तर एआरएन बँकेचा आणि तुमचा ईयूआयएन (कर्मचाऱ्याचा ओळख क्रमांक). एनआयएसएमवर नाव नोंदवताना पॅन कार्डावर आहे तसंच लिहा. आडनावाच्या स्पेलिंगमधला फरक पुढे एआरएनच्या अर्जात नडतो.

ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची असेल तर १०-ए आणि १०-बी, दोन्ही. प्रत्येकी १५० गुण, तीन तास, ६० टक्क्यांना पास. वर पदवी आणि सेबीची नोंदणी हवीच. एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: वैयक्तिक सल्लागार म्हणून नोंदणी घेतली की वितरण, म्हणजे कमिशनवर फंड विकणं, करता येत नाही. आठ-दहा वर्षांचं ट्रेल कमिशन (ग्राहकाचे पैसे फंडात आहेत तोवर मिळत राहणारं) सुरू असलेल्या वितरकाने हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय १०-एचं पुस्तक उघडू नये.

पैसे घेऊन 'हा शेअर घ्या, तो विका' असं सांगायचंय? त्यासाठी सिरीज १५, रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा. इथेही नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी नसताना टेलिग्रामवर सशुल्क टिप्स देणं बेकायदाच.

ब्रोकरकडे पगारावर काम असेल तर कोणत्या विभागात बसणार ते बघा. एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा) डीलर: ८. सेटलमेंट (सौद्यांची पूर्तता), बॅक ऑफिस: ७. डीमॅटचं काउंटर: ६. पीएमएस (ग्राहकाची गुंतवणूक सांभाळण्याची सेवा) विकणाऱ्याला २१-ए, ती चालवणाऱ्याला २१-बी. सीए, सीएफए, सीएफपी या पदव्या वजनदार आहेत, पण ५-ए किंवा ८ची जागा त्या आपोआप घेत नाहीत.

आता निगेटिव्ह मार्किंग (चुकीच्या उत्तराला गुण कापणं), कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. सिरीज ८मध्ये १०० प्रश्न, पास ६० टक्क्यांना, चुकीला पाव गुण वजा. सगळे प्रश्न सोडवले तर ६८ बरोबर हवेत: ३२ चुकांचे ८ गुण गेले की नेमके ६० उरतात. ६५ बरोबर आणि ३५ चूक म्हणजे ५६.२५, नापास. तेच ६५ बरोबर, १५ चूक आणि २० कोरे असतील तर ६१.२५, पास. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलेलं उत्तर सरासरीने जवळजवळ काहीच देत-घेत नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र ठोकावं. गुण खरे जातात ते 'मला येतंय' असं वाटून चुकलेल्या उत्तरांत, म्हणून ऑप्शनच्या पे-ऑफची (नफा-तोट्याची) गणितं हाताने सोडवून बघा.

इंटरनेटवर 'सिरीज ७' शोधलंत तर अमेरिकेतल्या ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिनरा या संस्थेच्या परीक्षेचं साहित्य पुढ्यात येईल. ती १२५ प्रश्नांची, ७२ टक्क्यांना पास होणारी, तिथल्या कंपनीने पुरस्कृत केल्यावरच देता येणारी वेगळीच परीक्षा आहे. आपल्या ७शी तिचा काहीही संबंध नाही.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नोकरी ठरण्याआधीच चार-पाच परीक्षांचा साठा केला तर मुदत घरी बसूनच संपत जाते. ५-एचं नूतनीकरण शेवटच्या १२ महिन्यांत सीपीई (नूतनीकरणासाठीचं) प्रशिक्षण घेऊन होतं. ती खिडकी चुकली की पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.