अम्ब्रेला पॉलिसी घ्यायची का? एका संध्याकाळची तयारी

अमेरिकेत घर झालं, दारात दोन गाड्या आल्या, की एजंट कधीतरी विचारतोच: अम्ब्रेला घेणार का? आपल्यामुळे कुणाला इजा झाली आणि दावा गाडीच्या किंवा घराच्या विम्याच्या मर्यादेबाहेर गेला, तर वरची रक्कम ही पॉलिसी भरते. घ्यायची की नाही ते फोनवर ठरवू नका. एक संध्याकाळ काढून नवरा-बायको दोघं बसा. मी न्यू जर्सीचं लिहितेय. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, ते तिथल्या एजंटकडून पक्के करून घ्या.

आधी गाडीच्या आणि घराच्या पॉलिसीचं डिक्लरेशन पेज, म्हणजे विम्याच्या मर्यादा लिहिलेलं पान, छापून घ्या, मोबाइलवर बघू नका. गाडीच्या पानावर ‘बॉडिली इंज्युरी’ (आपल्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा) ही ओळ शोधा. तिथे दोन आकडे असतात, एका माणसासाठी किती आणि एका अपघातासाठी एकूण किती. १ जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीत नेहमीच्या पॉलिसीला किमान ३५ हजार आणि ७० हजार डॉलर लागतात. इथल्या हॉस्पिटलचं बिल पाहिलेल्या कुणालाही कळेल की ते किती लवकर संपतील. अम्ब्रेला देणाऱ्या कंपन्या गाडीच्या विम्यात हे आकडे साधारण किमान अडीच लाख आणि पाच लाख असावेत अशी अट घालतात, घराच्या विम्यात जबाबदारीची रक्कम बहुधा तीन लाख.

आमची चूक इथेच झाली. अम्ब्रेला घेतल्यावर दोन वर्षांनी हप्ता वाचवायला आम्ही गाडीच्या विम्याची कंपनी बदलली, आणि नव्या पानावर १ लाख आणि ३ लाख आले. मुलीचं नाव घालायला पान उघडलं तेव्हा दिसलं. तोवर सात महिने उलटले होते. त्या काळात कुणा एकाचा नऊ लाखांचा दावा लागला असता, तर गाडीच्या कंपनीने एक लाख दिले असते, अम्ब्रेला अडीच लाखांच्या वर सुरू झाली असती आणि मधले दीड लाख आम्हाला घरातून भरावे लागले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून सांगते, खालचे, म्हणजे गाडीच्या आणि घराच्या विम्याचे, आकडे आधी वाढवा, मग वरची पॉलिसी.

आता घरात कोण कोण गाडी चालवतं ते लिहा. नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावून शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर ते नाव सगळ्यात वर. भारतातून आलेले बाबा ग्रोसरीला गाडी नेतात का, कॉलेजला गेलेलं मूल सुट्टीत चालवतं का, हेही एजंटला लेखी कळवा. नाव लपवून वाचवलेले पैसे दाव्याच्या वेळी अंगाशी येतात.

मग घराकडे वळा. ट्रॅम्पोलिन, पोहण्याचा तलाव, कुत्रा, जे असेल ते लिहा. न्यू जर्सीत कुत्रा पहिल्यांदाच चावला तरी मालक जबाबदार असतो. आणि दिवाळीची पार्टी! इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८४ साली निकाल दिला की झिंगलेल्या पाहुण्याला, तो गाडी चालवत जाणार हे माहीत असूनही, दारू पाजली आणि त्याने वाटेत कुणाला जखमी केलं, तर यजमानही जबाबदार ठरू शकतो. आपल्याकडे आग्रह करून ग्लास भरायची सवय आहे. ती मोडा, विमा असला तरी मोडा.

ही पॉलिसी काय भरत नाही तेही विचारून घ्या. घरातून टिफिन देत असाल, शिकवण्या घेत असाल, तळघर भाड्याने देत असाल, तर ते बहुधा व्यवसायात मोडतं आणि त्याचा विमा वेगळा. पाहुणे आलेल्या आई-बाबांच्या आजारपणाचा खर्च यात नाही, त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स हवाच. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत असाल तर ते काम धरलं जातं का, हे नाव घेऊन विचारा.

शेवटी आपलं काय जाऊ शकतं ते मांडा: बँकेतली शिल्लक, शेअर, कर्ज वजा जाता घराच्या किमतीतला आपला हिस्सा, पुण्यातला फ्लॅटसुद्धा, कारण निकालानंतर मालमत्तेची माहिती शपथेवर द्यावी लागू शकते. कंपनीच्या ४०१(के)ला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्याला, केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, ती रक्कम वेगळी ठेवा. पण “आमच्याकडे आहे काय” म्हणून थांबू नका. न्यू जर्सीत पैसे भरा असा कोर्टाचा निकाल २० वर्षं लागू राहतो आणि पगारातून वसुली होऊ शकते. पस्तिशीतल्या इंजिनिअरची मोठी मालमत्ता म्हणजे त्याचा पुढचा पगार.

माझं मत विचाराल तर घरात शिकाऊ चालक असेल तर ही पॉलिसी घ्याच. भाड्याने राहणाऱ्या, गाडी नसलेल्या जोडप्याने आधी रेंटर्स पॉलिसीतली (भाडेकरूच्या विम्यातली) जबाबदारीची रक्कम वाढवावी, बाकी पुढे बघता येईल. दहा लाख डॉलरच्या पॉलिसीला वर्षाला सहसा काहीशे डॉलर पडतात. खालच्या पॉलिसी वाढवल्याचा जादा हप्ता त्यात मिळवूनच हिशोब करा. दोन-तीन कंपन्यांचे भाव घ्या, आणि वकिलाचा खर्च दहा लाखांतून कापतात की वेगळा देतात, हे ईमेलवर लिहून मागा.

आमच्या फ्रिजवर आता तिन्ही पॉलिसींच्या नूतनीकरणाच्या तारखा लावल्या आहेत. त्यातली एक आली की बाकीची दोन्ही पानं काढून शेजारी ठेवते.