तिबेटी बिऱ्हाडाला हिवाळ्यापुरती खोली देताना

ऑक्टोबर तोंडावर आला की स्वेटर विकणारी तिबेटी कुटुंबं बेळगावात खोल्या शोधायला लागतात. शहापुरातल्या आमच्या माडीवर असंच एक बिऱ्हाड बरीच वर्षं हिवाळा काढतं: नवरा, बायको आणि म्हातारी सासू. त्यामुळे ओळखीतले लोक मला विचारतात, द्यावी का खोली? कागद काय बघायचे? मटण शिजवतात का? माझं सांगणं एकच, द्यावी, पण माणसं समजून घेऊन द्यावी.

दारात उभं करून 'चायना का नेपाळ?' असं कधीही विचारू नका. त्यांचं घर ज्यांनी घेतलं त्यांचंच नाव त्यांना चिकटवल्यासारखं होतं ते. 10 मार्च 1959 ला तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, चीनविरुद्ध उठाव झाला, त्याच महिन्याच्या शेवटी दलाई लामा भारतात पोचले आणि मागोमाग हजारो माणसं आली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने त्यांना जमिनी दिल्या. आधी म्हैसूरकडे बायलकुप्पे, मग 1966 मध्ये हुबळीच्या खाली मुंडगोड. त्या वर्षी मुख्यमंत्री निजलिंगप्पा होते, आणि आपल्या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला तेही हेच साल. तुमच्याकडे खोली विचारायला आलेली चाळिशीतली बाई बहुतेक मुंडगोडलाच जन्मलेली असते. तिचं कन्नड आपल्यापेक्षा चांगलं असतं, घरच्या शेतात मका आणि भात असतो. तिबेट तिने पाहिलेलं नसतं. आमच्याकडच्या सासूबाईंना मात्र त्यांच्या आईने पाठीशी बांधून डोंगर ओलांडून आणलं होतं.

आता कागद. त्यांच्याकडे आर.सी. असते, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून सरकारने दिलेलं नोंदणीपत्र. ते वेळोवेळी नवं करून घ्यावं लागतं, म्हणून मुदतीची तारीख आधी बघा आणि झेरॉक्स काढून ठेवा. आधार कार्डही बहुतेकांकडे असतं, पण आर.सी.ची प्रत मागाच. साधा भाडेकरार करा आणि पोलीस स्टेशनला नोंद द्यायला भाडेकरूला एकटं पाठवू नका, स्वतः बरोबर जा. घरमालक शेजारी बसलेला असला की प्रश्न कमी विचारले जातात, हे मी पाहिलंय.

फॉर्म भरताना हमखास अडतं ते आडनावाच्या रकान्यात. बहुतेक तिबेटींना आडनाव नसतं. दोन नावं असतात आणि दोन्ही त्या माणसाचीच. दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो, त्यांच्याकडून नाव मिळालेली मुलं सगळी तेन्झिन. एका घरात तीन-तीन तेन्झिन असतात, मुलगेही आणि मुलीही, त्यामुळे हाक दुसऱ्या नावाने मारतात. तुम्ही जर आपल्या मनाने दुसरं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलंत तर नवरा, बायको, मुलं सगळ्यांची आडनावं वेगळी दिसतात आणि पुढे कुणीतरी विचारतं, ही एका घरची माणसं कशावरून? आर.सी.वर जसं आहे तसंच सलग लिहा.

काहींकडे भारतीय पासपोर्ट असतो. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच भारतीय ठरतो, आणि 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी मुलीच्या बाबतीत ते मान्यही केलं. तरी कित्येकजण जाणूनबुजून पासपोर्ट काढत नाहीत. आपण निर्वासित आहोत, परत जायचंय, हे कागदावर राहावं असं त्यांना वाटतं. 'घेऊन टाका की, आता इथलेच तुम्ही' असा सल्ला कृपा करून देऊ नका. 'कर्नाटकात राहताय ना, मग सोडा तो विषय' हे आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी किती वेळा ऐकलंय! आपलं घर आपल्यापाशी आहे, त्यांचं नाही, एवढा मोठा फरक आहे. पण ते वाक्य कसं लागतं हे तरी आपल्याला कळायला हवं.

खोलीत एक उंच फळी ठोकून द्या, डोक्याच्या वर येईल अशी, आणि झोपताना पाय तिकडे होणार नाहीत अशा भिंतीला. ते पहिल्या दिवशी सामान सोडायच्या आधी देव मांडतात. मधे बुद्धाची मूर्ती किंवा चित्र, दलाई लामांचा फोटो आणि पुढे पाण्याच्या सात वाट्या. तिबेटात तो फोटो घरात ठेवायला बंदी आहे, म्हणून इथे तो किती मानाने ठेवतात ते बघा. आमच्याकडच्या सासूबाई पहाटे वाट्या पुसून एका रेषेत ठेवतात, दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढी फट, मग एका बाजूने काठोकाठच्या जरा खालपर्यंत भरत जातात. संध्याकाळी तेच पाणी आमच्या तुळशीत आणि मोगऱ्यात जातं, मोरीत कधी नाही. तुपाचा दिवा लावत असतील तर फळीवर स्टीलचं ताट द्या, लाकूड वाचतं. गच्चीत पताका बांधू का म्हणून विचारतील, त्याला हो म्हणा. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी असा क्रम असतो, आणि त्या वाऱ्यापावसाने विरायच्याच असतात. ते गावी गेल्यावर 'फाटल्या' म्हणून ओढून काढू नका.

बौद्ध म्हणजे शाकाहारी अशी आपली समजूत असते, ती सोडा. थंड पठारावर भाजी कुठली उगवणार? जवाचं पीठ, लोणी आणि मांस यांवरच पिढ्या निघाल्या. तुमच्या घरात चालत नसेल तर डिपॉझिट घ्यायच्या आधी स्पष्ट सांगा, त्यांना राग येत नाही. मागाहून सांगणं वाईट. बुधवारी काहीजण आपणहूनच मांस टाळतात, बायका चुपा, म्हणजे त्यांचा पायघोळ पारंपरिक पोशाख, नेसतात आणि घरात फक्त तिबेटी बोलायचं ठरवतात. 2008 नंतर तरुणांनी हे जोरात उचलून धरलं. त्या दिवशी हिंदीत कमी बोलले तर रुसलेत असं समजू नका.

हाक मारताना नावाच्या शेवटी आदराचा 'ला' लावा. म्हाताऱ्या बाईला अमा-ला, म्हाताऱ्या माणसाला पा-ला. आपल्या पोरांनाही शिकवा.

भाड्याचं गणित त्यांच्या धंद्याकडे बघून ठरवा. माल बहुतेक लुधियानाहून उधारीवर येतो आणि पैसा हातात येतो तो डिसेंबरच्या थंडीत. मी थोडं आधी घेते, बाकीचं जानेवारीत. गठ्ठे भिंतीला टेकवू देऊ नका, खाली फळ्या टाका, कारण ऑक्टोबरात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो आणि जुन्या भिंतींना ओल येते.

लोसारच्या, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या आधी ते मुंडगोडला परततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो. तुम्हाला बोलावलं तर जरूर जा. हुबळीहून मुंडगोडची बस मिळते. खापसे खायला देतील, आपल्या शंकरपाळीच्या जातीचे. पांढरी खाता, म्हणजे मानाचा शेला, गळ्यात घातली तर मान झुकवून घ्या. द्रेपुंग आणि गंदेन या दोन्ही मोठ्या मठांभोवती उजवी बाजू आत ठेवून फिरा. अंगणात भिक्षू टाळी मारून वाद घालताना दिसतील, ते भांडण नाही, अभ्यास आहे. विचारल्याशिवाय मोबाइल पुढे करू नका. आपल्याला परवाना लागत नाही, पण अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाचा बरोबर नेणार असाल तर त्याला गृह मंत्रालयाचा परवाना बराच आधी काढावा लागतो. आणि 10 मार्चला 'शुभेच्छा' पाठवू नका, तो त्यांच्या उठावाचा स्मरणदिन. शुभेच्छा द्यायच्या तर 6 जुलैला, दलाई लामांच्या वाढदिवसाला.

पुढच्या हंगामाला खोली देणार की नाही ते गणपतीच्या आधीच फोन करून सांगा. लुधियानाचा माल कुठल्या पत्त्यावर उतरवायचा ते त्यांना तेव्हाच कळवावं लागतं.