गुरुवारचं चार्जिंग

भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणजे आम्हा मेंटेनन्सवाल्यांचा भरगच्च दिवस. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून येणारी पोरं सप्लाय बंद कसा करायचा ते मन लावून शिकतात. पण सकाळी डोकं ताजं असतं, घाई नसते. अवघड काम संध्याकाळचं: चार्जिंग, म्हणजे बंद केलेला सप्लाय पुन्हा चालू करणं. अंग आंबलेलं असतं आणि प्रॉडक्शनवाले दारात उभे राहून "अजून किती वेळ?" विचारत असतात. त्यांना वेळ सांगूच नका. "चेकिंग झालं की देतो" एवढं पुरे.

चार्जिंगआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला: अर्थिंग (काम करताना सुरक्षेसाठी लाईन जमिनीला जोडणारी तात्पुरती वायर) किती लावले, किती काढले? बसबारवर (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या एचटी, म्हणजे हाय टेन्शन बाजूला तिन्ही फेज शॉर्ट करून लावलेलं अर्थिंग तसंच राहिलं आणि २२ केव्हीचा ब्रेकर (मुख्य स्विच) ऑन केला, तर तो थेट शॉर्ट सर्किटवरच चालू होतो. म्हणून लावतानाच परमिटवर (कामाच्या परवानगीच्या कागदावर) जागा लिहायची आणि काढलेले क्लॅम्प जमिनीवर मांडून मोजायचे. "काढलं ना दादा" हे ऐकून घ्यायचं, पण बॅटरी घेऊन पॅनेलच्या मागे स्वतः बघायचं. पान्हा किंवा चिंधी बहुतेक तिथेच सापडते. आणि मेगर करायला, म्हणजे इन्सुलेशन तपासायला, अर्थिंग काढलं, की त्या क्षणापासून लाईन चालू आहे असंच समजायचं.

मेगर एचटीला साधारण ५००० व्होल्टचा, एलटीला, म्हणजे लो टेन्शनला, ५०० किंवा १००० चा. त्याआधी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवून ठेवा, नाहीतर ती जळतील. टेस्ट झाली की केबल डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग कुलुपं, म्हणजे कोणी सप्लाय चालू करू नये म्हणून प्रत्येकाने स्विचला घातलेली. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. कोणी कुलूप तसंच ठेवून चहाला गेला असेल, तर फोनवरच्या परवानगीवर ते कापायचं नाही, त्याला परत बोलवायचं. यात अर्धा तास जातो आणि शिव्याही बसतात. बसू देत.

आता प्रत्यक्ष चार्जिंग. एलटीचे सगळे आउटगोइंग, म्हणजे मशीनकडे जाणाऱ्या फीडरचे स्विच, बंद. रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) दाबून ब्रेकर खरंच ट्रिप होतो का ते बघा, मगच एचटी ऑन करा. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर फुल लोडच्या आठ-दहा पट करंट खेचू शकतो, त्या हुंकाराला घाबरू नका. तो मिनिटभरात बसला नाही किंवा आतून तडतड आली, तर मात्र लगेच बंद. नो-लोडवर तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजा. केबल सोडून पुन्हा जोडली असेल तर फेज सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजचा क्रमही बघा, कारण स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला की पंचाईत. त्यानंतर एकेक फीडर, आणि कपॅसिटर बँक सगळ्यात शेवटी.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा "चार्जिंगचा क्रम सांगा" हा प्रश्न हमखास येतो. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, कारण त्यात डीजीचं (डिझेल जनरेटरचं) नावच नसतं. शटडाऊनला डीजी ऑटोवर राहिला तर सप्लाय गेल्याबरोबर तो आपोआप सुरू होतो आणि तुमच्या बंद बसबारवर बॅक-फीड, म्हणजे उलटा सप्लाय, येऊ शकतो. म्हणून सकाळी तो ऑफ करून कुलूप घालायचं, आणि सगळे फीडर चालू झाल्यावर आठवणीने पुन्हा ऑटोवर टाकायचा.