कोणाला भेटायचं, काय विचारायचं: नववीच्या मुलांनाच ठरवू द्या

आमच्या शाळेत दर जानेवारीत दहावीच्या मुलांपुढे करिअरवर व्याख्यान व्हायचं. पाहुणे मी ठरवायचे, विषयही मीच. मुलं सतरंजीवर तासभर गप्प बसायची आणि आभार झाले की उठायची. त्यांना काय जाणून घ्यायचंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

कुठलं काम बघायचं हे मुलांनाच विचारून त्यांना तिथे पाठवायचं, हा उपक्रम तुम्ही नववीतच करा. दहावीत सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांतून मुलांची सुटका नसते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पंधरा दिवस बरे पडतात.

आधी निनावी चिठ्ठ्या घ्या. प्रश्न दोनच: कुठलं काम जवळून बघायचंय? तिथल्या माणसाला काय विचारशील? नाव नसलं की मुलं मनातलं लिहितात. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत होतं, ‘पहिल्या महिन्यात हातात किती पडतात?’, ‘फिटरला मुलींना घेतात का?’, ‘घरचे नको म्हणाले तर?’

चिठ्ठ्यांतले प्रश्न वाचून गटवार लावायचं काम मुलांच्याच समितीला द्या. सहा जण पुरेत, पण त्यात मागच्या बाकावरचे दोघं हवेतच. ज्याची उत्तरं तुमच्याकडे आहेत ती वर्गातच देऊन टाका: आयटीआयचा वेल्डर ट्रेड १ वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन २ वर्षांचे, दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा ३ वर्षांचा. उरलेल्या प्रश्नांसाठी बाहेर पडायचं.

विनंतीपत्र मुलांनी लिहावं, ते घेऊनही त्यांनीच जावं. तुम्ही सोबत जा, पण बोलू नका. पालकांची सही घ्या, मुलांना जोडीनं पाठवा. कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही आणि १८ पर्यंत धोक्याचं काम देता येत नाही. त्यामुळे बघायचं, विचारायचं, वहीत टिपायचं, एवढंच. गॅरेजमध्ये दोन दिवस बसून एकानं ‘मला हे काम नको’ असं लिहिलं. असं लिहिलेलं खोडायला लावू नका. दहावीनंतर वर्ष वाया घालवून हेच कळण्यापेक्षा आत्ता कळलं, ते फार मोलाचं.

एक मुलगी सकाळी सहाला दूध संकलन केंद्रावर गेली. दूध ढवळून नमुना घेतला की मशीनवर फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन घटकांचे) आकडे येतात, त्यावरून भाव लागतो. तिच्या घरचं दूध रोज तिथेच जायचं, पण तो भाव ठरताना तिनं पहिल्यांदा पाहिला. परत आल्यावर तिनं विचारलं, “बाई, हे मशीन बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?”

मला माहीत नव्हतं. समितीनं केंद्रावर चौकशी केली आणि त्या मेकॅनिकलाच पुढचा पाहुणा म्हणून बोलावलं. ते हत्यारांची पिशवी घेऊन आले, टेबलावर एक जुनं मशीन उघडून बसले. मधली सुट्टी झाली तरी मुलं त्या टेबलाभोवतीच उभी होती.